जुन्या कथा-कादंबऱ्यांतील अपमानवाचक शब्द : वाचावे कसे, शिकवावे कसे?

मराठी साहित्याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर केव्हा ना केव्हा एक अवघड जागा येते. पन्नास, शंभर किंवा सव्वाशे वर्षांपूर्वीची एखादी कादंबरी वाचली जात असते. भाषा सुंदर असते, कथानक रंगलेले असते आणि अचानक असा एखादा शब्द समोर येतो की वर्ग गप्प होतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे हसतो. तो शब्द कोणाच्या जातीचा असतो, कोणाच्या वैधव्याचा असतो, कोणाच्या जन्माचा किंवा शरीराचा असतो. ज्याने तो लिहिला तो लेखक केव्हाच काळाच्या पडद्याआड गेलेला असतो. परंतु ज्याला तो लागतो तो विद्यार्थी तिसऱ्या बाकावर बसलेला असतो.

निवासी शाळेत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. येथील मुले वर्ग सुटल्यावर घरी जात नाहीत. ती एकाच पंगतीला जेवतात आणि एकाच दालनात झोपतात. दुपारी पाठात वाचलेला शब्द संध्याकाळी मैदानावर आणि रात्री वसतिगृहात पोहोचतो. म्हणूनच असे शब्द असलेले साहित्य शिकवावे की नाही, शिकवायचे तर शब्द गाळून शिकवावे की जसेच्या तसे, आणि जसेच्या तसे शिकवायचे तर ते कसे, याचा शांतपणे विचार करणे आपले कर्तव्य आहे. या विचारासाठी लागणारी सामग्री आपल्याला दूर शोधावी लागत नाही. ती बौद्ध वाङ्मयात आहे, बाबासाहेबांच्या चरित्रात आहे आणि आपल्या कोकणच्या मातीतही आहे.

संघाचे दोन नियम

भिक्खूंच्या पातिमोक्खात ९२ पाचित्तिय नियम आहेत. त्यांपैकी पहिला नियम जाणूनबुजून खोटे बोलण्याविरुद्ध आहे. दुसरा नियम 'ओमसवाद' म्हणजे अपमानकारक बोलण्याविरुद्ध आहे. खोटे बोलू नये आणि लगेच त्यानंतर, कोणाला हिणवू नये, असा हा क्रम आहे.

दुसऱ्या नियमाचे विनयपिटकातील विवरण प्रत्येक शिक्षकाने मुळातून वाचावे असे आहे. माणसाचा अपमान कोणत्या दहा गोष्टींवरून केला जातो, याची तेथे यादीच दिली आहे : जात, नाव, गोत्र, काम, कारागिरी, रोग, शरीराची ठेवण, मनाचे विकार, घडलेले दोष आणि हलक्या शिव्या. प्रत्येकाची उदाहरणे दिली आहेत. जातीच्या उदाहरणांत चांडाल, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस ही नावे आहेत. कारागिरीत बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चर्मकाम आणि न्हाव्याचे काम यांची नोंद आहे. शरीराच्या बाबतीत अति उंच, अति ठेंगणा, अति काळा आणि अति गोरा असे चार प्रकार सांगितले आहेत. शेवटी उंट, मेंढा, बैल, गाढव अशा शिव्याही आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली. पण आपल्या वसतिगृहात मुले एकमेकांना ज्या नावांनी चिडवतात ती या यादीत टाकून पाहिली, तर बाहेर राहणारे नाव क्वचितच सापडेल.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की शिवी निषिद्ध ठरवण्यासाठी ग्रंथकारांना ती लिहावी लागली. त्यांनी ती झाकली नाही. पुढे याच विवरणात हेतूचा विचार येतो. अपमान करण्याच्या इच्छेने बोललेला शब्द हा पाचित्तिय दोष होय. अपमानाचा हेतू नाही, केवळ थट्टेची हौस आहे, अशा वेळीही माणूस पूर्ण सुटत नाही. त्याला 'दुब्भासित' म्हणजे वाईट बोलणे म्हटले आहे, आणि तो सौम्य असला तरी दोषच मानला आहे. मात्र अर्थ सांगण्यासाठी, धर्म समजावण्यासाठी किंवा शिकवण देण्यासाठी तोच शब्द उच्चारला तर दोष नाही. 'मी गंमतीने म्हटले' असे सांगणाऱ्या मुलाला आणि 'हा शब्द शिकवू कसा' असे विचारणाऱ्या शिक्षकाला, दोघांनाही येथे उत्तर मिळते.

विवरणकारांची नजर याहूनही सूक्ष्म आहे. चांडालाला उपरोधाने 'तू क्षत्रिय, तू ब्राह्मण' असे म्हणणे हाही त्यांनी अपमानच मानला आहे. कोणाचे नाव न घेता 'येथे काही जण चांडाल आहेत' असे हवेत बोलणेही दोषास्पद ठरवले आहे. आजच्या महाराष्ट्रात 'सरकारचे जावई' हा टोमणा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना चांगल्या शब्दाने केलेला अपमान म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. शब्दकोशातून वाईट शब्द काढून टाकले तरी असा टोमणा शिल्लकच राहतो.

याच ठिकाणी तक्षशिलेच्या नंदिविसाल बैलाची कथा येते. बैलाच्या सांगण्यावरून त्याच्या धन्याने पैज लावली की हा एकटा बैल शंभर गाडे ओढील. ऐन वेळी धन्याने त्याला 'कूट', म्हणजे लबाड, अशी हाक मारून हाकले. बैल जागचा हलला नाही आणि धनी हजाराची पैज हरला. दुसऱ्या वेळी त्याने गोड शब्दांनी हाक मारली; तेव्हा बैलाने शंभर गाडे ओढले आणि धन्याने दुप्पट रक्कम जिंकली. आपल्या मुलांनाही पुढच्या आयुष्यात पुष्कळ ओझे ओढायचे आहे. हाक कशी मारली जाते यावर ते किती ओढतील हे ठरते.

शब्दाला दिलेले उत्तर

सुत्तनिपातातील वसलसुत्त ही तर या विषयावरील जणू आदर्श पाठाचीच रचना आहे. श्रावस्तीत भिक्षेसाठी आलेल्या बुद्धांना अग्गिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण 'मुंडक' आणि 'वसल' म्हणजे हीन माणूस अशी नावे घेऊन दूर थांबायला सांगतो. बुद्ध रागावत नाहीत, आणि शब्द ऐकूच आला नाही असेही दाखवत नाहीत. ते त्यालाच विचारतात, वसल कोणाला म्हणतात हे तू जाणतोस काय? मग ते वसल कोण हे एकेक करून सांगतात. क्रोधी, वैरी, चोर, ऋण बुडवणारा, म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा; सगळी लक्षणे आचरणाची, जन्माचे एकही नाही. शेवटी चांडालकुळात जन्मलेल्या मातंगाची कथा सांगून ते जन्म आणि हीनता यांचा संबंध तोडून टाकतात. आपल्या शेजारच्या गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपात मराठीत आणला आहे. मोठ्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा.

हे सुत्त संकलित करणाऱ्यांनी आदरापोटी ती शिवी गाळली असती तर काय झाले असते? प्रश्नच नाहीसा झाला असता आणि त्याबरोबर उत्तरही नाहीसे झाले असते.

मराठीत अपमान कोठे कोठे राहतो

अपमानवाचक भाषा म्हणजे केवळ शिव्या, असा समज करून घेणे चुकीचे आहे. मराठीत अपमान निदान चार ठिकाणी राहतो.

पहिले ठिकाण उघड आहे, ते म्हणजे शब्द. कित्येक जातिनामे ही मुळात समूहांची नावे होती; वापरणाऱ्यांच्या तिरस्काराने ती शिवीसारखी झाली. 'रांड' हा शब्द जुन्या मराठीत विधवेचा वाचक होता. स्त्रीचे वैधव्य हाच कलंक मानणाऱ्या समाजाने त्याची शिवी केली. शब्दाचा इतिहास हा अशा रीतीने समाजाच्या मनाचा इतिहास असतो.

दुसरे ठिकाण म्हणजे नाव आणि क्रियापद. ऐतिहासिक कादंबरीत सरदार 'म्हणाले' असतात, कारभारी 'म्हणाले' असतात. पण वेशीवर पहारा करणारा महार 'म्हणाला' असतो. एकाचे नाव पूर्ण, राव किंवा पंत लावलेले. दुसऱ्याचे 'धोंड्या', 'गणप्या' असे तोडलेले. आई लाडाने मुलाला असेच हाक मारते हे खरे. परंतु परक्या प्रौढ माणसाला आयुष्यभर त्याच नावाने हाक मारणे यात लाड नसतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर उभारलेल्या कोरेगावच्या स्तंभावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. ती पूर्ण आहेत आणि त्यांच्या शेवटी 'नाक' हे प्रतिष्ठेचे पद आहे. दगडावर ज्यांना पूर्ण नाव मिळाले, त्यांना कादंबरीच्या कागदावर ते का मिळाले नाही, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला पाहिजे. अशा पुस्तकातून शिव्या वेचून काढल्या तरी हा भेदभाव क्रियापदात तसाच राहील.

तिसरे ठिकाण म्हणजे म्हणी. 'गाव तेथे महारवाडा' या म्हणीचा अर्थ 'चांगल्या गोष्टीत काही वाईट असायचेच' असा सांगितला जातो. अर्थ पाठ करणाऱ्या मुलाच्या लक्षात येत नाही की येथे माणसांच्या घरांनाच 'वाईट' ठरवले आहे. म्हण कोणा एकाची नसते, म्हणून तिला जबाबदार कोणीच नसते. आणि म्हणूनच ती अधिक मुरते.

चौथे ठिकाण म्हणजे दयेचे शब्द. १९३८ साली मुंबई विधानसभेत एका विधेयकात 'हरिजन' हे नाव घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी निषेध नोंदवून सभागृहाबाहेर पडले. तो शब्द देणाऱ्यांच्या मते गोड होता. ज्यांना तो दिला जात होता त्यांचे मत विचारले गेले नव्हते. माणसाला काय म्हणावे हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या माणसाचा आहे, हा धडा या प्रसंगातून घ्यावा.

बोलतो कोण?

कथा-कादंबरीतील भाषा तीन मुखांतून येते : पात्राच्या, निवेदकाच्या आणि लेखकाच्या. अपमानवाचक शब्द भेटला की तो यांपैकी कोणाचा, हे प्रथम ठरवावे.

हरी नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत यमूच्या वाट्याला वैधव्य आणि केशवपन येते. भोवतीची माणसे तिच्याशी क्रूरपणे वागतात. परंतु कथा यमूच्या तोंडून येते, म्हणून वाचक तिच्या बाजूला उभा राहतो. येथील कठोर बोलणी लेखकाची नव्हेत. ती काढून टाकली तर ज्या अन्यायाविरुद्ध कादंबरी लिहिली गेली तो अन्यायच पुसट होईल.

आपल्या कुडाळ तालुक्यातील तेंडोलीचे चिं. त्र्यं. खानोलकर यांची 'चानी' ही कादंबरी याच दृष्टीने वाचावी. गोऱ्या माणसापासून जन्मलेली, गोरी कातडी आणि वेगळे रूप घेऊन आलेली ही मुलगी गाव दूर ठेवतो. तिने काही केलेले नसते; जन्म हाच तिचा अपराध ठरतो. विनयपिटकाच्या यादीतील 'अति गोरा' हा प्रकार वाचून ज्यांना नवल वाटले असेल, त्यांना चानी त्याचा अर्थ सांगेल. कोकणच्या निसर्गाचे वर्णन म्हणून ही कादंबरी वाचणे सोपे आहे. कोकणच्या जिभेने एका मुलीचे काय केले, याचा अहवाल म्हणून ती वाचणे कठीण आहे. आणि तेच करावयाचे आहे.

सगळेच लेखक मात्र असे सुटत नाहीत. पुष्कळ जुन्या कादंबऱ्यांत तुच्छता पात्राच्या तोंडी नसून निवेदनातच असते. पात्र वाईट आहे हे दाखवण्यासाठी लेखक त्याला काळे रंगवतो, अमुक जातीचे असे सांगून मोकळा होतो किंवा त्याच्या व्यंगावर विनोद करतो. तेव्हा लेखक मोठा आहे म्हणून सारवासारव करू नये. तो त्याच्या काळाचा होता एवढे म्हणून थांबूही नये. त्याच काळात जोतीराव फुले होते, 'विटाळ विध्वंसन' १८८८ साली लिहिणारे कोकणचे गोपाळबाबा वलंगकर होते. दुसऱ्या प्रकारे बोलणे त्या काळातही शक्य होते.

हीच कसोटी आपल्या प्रिय ग्रंथांनाही लावली पाहिजे. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'ची (१८७३) भाषा ब्राह्मणवर्गाविषयी अत्यंत तिखट आहे. ती सत्तेवर बसलेल्यांना उद्देशून, खालून वर फेकलेली आहे. हा फरक मोठा आहे आणि तो विद्यार्थ्यांना सांगावा. परंतु त्या ग्रंथातील एखादे विशेषण उचलून आपल्या वर्गातील एखाद्या ब्राह्मण मुलाला चिकटवले गेले, तर तो ओमसवादच होय. नियम सर्वांना सारखा आहे.

शिवीचे शीर्षक झाले तेव्हा

१९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. पाठोपाठ लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आली. शीर्षके पाहा. एक तोळा बारा माशांचा. अकरा माशांचे सोने म्हणजे कसाला न उतरलेले. या सोनारी हिशेबावरून अनौरस मुलाला 'अक्करमाशी' म्हणत. 'उचल्या' हे इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्यांपैकी एका जमातीला चिकटलेले नाव. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण नाव चिकटूनच राहिले. जे नाव इतरांनी चटका देण्यासाठी वापरले, तेच या लेखकांनी आपल्या हाताने मुखपृष्ठावर छापले. असे करताच नावाची मालकी बदलली.

ही रीत अगदीच नवीन नाही. थेरगाथेत सुनीत थेर स्वतःच्या मुखाने सांगतात की आपला जन्म हीन मानलेल्या कुळात झाला, निर्माल्य आणि केरकचरा काढण्याचे काम आपण करीत होतो, लोक आपली घृणा करीत. ज्याचा अपमान झाला त्यानेच प्रथमपुरुषी सांगितलेली ही कहाणी म्हणजे आपल्या आत्मकथनांची फार जुनी पूर्वज आहे.

आपल्या कोकणातून उर्मिला पवार यांनी 'आयदान' (२००३) लिहिले. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणत असे. 'वेण' या बांबूकाम करणाऱ्यांच्या नावाचा विनयपिटकातील हीन मानलेल्या जातींच्या यादीत समावेश आहे, हे वर पाहिलेच. ज्या कामावरून शतकानुशतके हिणवले गेले, त्या कामाचे नाव एका लेकीने आपल्या जीवनकथेला दिले. ही पुस्तके शिवीगाळ आहे म्हणून मुलांपासून दूर ठेवणे म्हणजे जखमी माणसाला, 'तुझे रक्त आम्हाला पाहवत नाही, घराबाहेर थांब,' असे सांगण्यासारखे होईल.

मालवणी शिवीचा प्रश्न

आपल्या भागातील विद्यार्थी येथे रास्त शंका काढील. मालवणीत शिवी म्हणजे शिवी नव्हे, ती माया आहे. 'मेल्या' म्हटल्याशिवाय आजीची हाक पुरी होत नाही, आणि 'शिरां पडो' म्हणणारी शेजारीण थोड्या वेळाने कालवणाची वाटी घेऊन येते. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मधील माणसे किंवा 'वस्त्रहरण' नाटकातील नटमंडळी सोज्वळ प्रमाणभाषेत बोलू लागली तर ती आपली राहणार नाहीत. हे सर्व खरे आहे. बोली सुधारण्याच्या नावाखाली ती पुसून टाकणे हाही एक अपमानच आहे.

तरीही दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. ही मायेची शिवी बरोबरीच्यांत चालते, किंवा वडीलधाऱ्यांकडून लहानांकडे येते. गडी मालकाला ती देऊ शकत होता काय? नसेल, तर तेवढ्यापुरती ती माया नसून सत्ता होती. दुसरे असे की जातीचे नाव घेऊन दिलेली शिवी या मायेच्या व्यवहारात कधीच येत नाही. ती देणारा आणि घेणारा, दोघांनाही ठाऊक असते की ही थट्टा नव्हे. शब्द तोच असला तरी कोणी, कोणाला, कोठे आणि कशासाठी म्हटला यावर त्याचा अर्थ ठरतो, याचे शिक्षण मालवणी मुलाइतके सहज दुसऱ्या कोणाला मिळत असेल असे वाटत नाही.

खोडावे काय?

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेतील मार्क ट्वेन यांची 'हकलबेरी फिन' ही कादंबरी १८८४-८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कृष्णवर्णीयांना उद्देशून वापरला जाणारा एक अत्यंत अपमानकारक शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. २०११ साली तेथील एका प्रकाशनाने तो शब्द काढून सर्वत्र 'गुलाम' असा शब्द घातलेली आवृत्ती काढली. हेतू चांगला होता. मुलांना त्रास होऊ नये आणि पुस्तक शाळेत टिकावे, एवढाच. परंतु गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली, तो शब्द मात्र स्वतंत्र माणसाचाही पाठलाग करीत राहिला. 'गुलाम' हे स्थितीचे नाव आहे आणि तो शब्द तिरस्काराचे. एकाच्या जागी दुसरा ठेवल्यावर तिरस्कार पुस्तकातून गेला, इतिहासातून गेला नाही.

आपल्याकडे असे केले तर काय होईल? पेशवाईवरील कादंबरीत कोणी 'अनुसूचित जातीच्या माणसा, दूर हो' असे म्हणू लागेल. 'अनुसूचित जाती' ही संज्ञा १९३५ च्या कायद्याने आली. शब्द सभ्य होईल, 'दूर हो' मात्र तसेच राहील. वाचणाऱ्या नातवंडांना वाटेल की आपले पूर्वज थोडे दूर राहत होते एवढेच. बाकी गाव मोठे सज्जन होते. येथे संघाचा पहिला नियम आठवावा : जाणूनबुजून खोटे सांगू नये.

बाबासाहेबांचे आचरण या बाबतीत मार्गदर्शक आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. माणसाला हीन ठरवणाऱ्या ग्रंथाची सत्ता आम्ही मानत नाही, ही त्यातील घोषणा होती. परंतु त्यानंतर 'शूद्र पूर्वी कोण होते' (१९४६) या ग्रंथात त्यांनी मनुस्मृतीसह धर्मशास्त्रांचा कसून अभ्यास करून त्यांतील वचनांचा पुरावा मांडला. सत्ता नाकारली, पुरावा जपला. जे पान वाचलेच नाही त्याचे खंडन करता येत नाही.

त्यांच्या स्वतःच्या लेखनावरही ही वेळ आली. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातील राम आणि कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट भावना दुखावणारे आहे, ते गाळा, अशी मागणी झाली. १९८८ च्या प्रारंभी, एक ओळही गाळू नका, असे सांगण्यासाठी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर मजकूर कायम राहिला आणि शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप जोडली गेली. त्या मोर्चाचे वारसदार म्हणून आपल्यावर एक जबाबदारी येते. आपल्या ग्रंथातील पान गाळू नका असे म्हणणाऱ्यांनी, आपल्याला दुखावणारे दुसऱ्याचे पान गाळा असे म्हणू नये. पान राहू द्यावे. मात्र टीप हवी, आणि ती नीट लिहिलेली हवी.

एक फरक तेवढा स्पष्ट ठेवला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचे ठरवले. हे योग्यच झाले. वस्तीचा फलक हा आजचा व्यवहार आहे. त्यावरचे नाव मुलाच्या दाखल्यावर आणि पत्रावर येते. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९ चा कायदाही आज जिवंत माणसाला लोकांसमक्ष दिल्या जाणाऱ्या जातिवाचक शिवीबद्दल शिक्षा करतो. फलक बदलावा, पुस्तक जपावे. जे आज बोलले जाते ते सुधारावे. जे काल बोलले गेले ते लक्षात ठेवावे.

वर्गात काय करावे

पुस्तक न खोडणे म्हणजे शब्द वर्गात मोकळा सोडणे नव्हे. पहिला नियम पाळताना दुसरा मोडू नये, यासाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. पाठ सुरू करण्यापूर्वीच सांगावे की यात अमुक प्रकारचे शब्द आहेत. पुस्तक कोणत्या साली, कोणी, कोणत्या वाचकांसाठी लिहिले हेही सांगावे. तयारी असलेल्या मनाला शब्द कमी लागतो.

२. असा उतारा कोणत्याही विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घेऊ नये. तो मनात वाचावा. उच्चार आवश्यक असेल तर शिक्षकाने एकदाच, अर्थ सांगण्यासाठी करावा. उत्तरपत्रिकेत 'जातिवाचक शिवी' एवढे लिहिणे पुरेसे मानावे.

३. ज्या समाजाविषयी शब्द आहे त्या समाजातील मुलाला 'तू सांग' म्हणून उभे करू नये. त्याच्याकडे पाहूही नये. नाव न घेता वळलेल्या नजरा म्हणजेच विनयपिटकातील 'येथे काही जण' होय.

४. प्रत्येक शब्दाला चार प्रश्न विचारावेत : हा कोणाच्या मुखातून आला? कोणाला उद्देशून? लेखक कोणाच्या बाजूला आहे? आणि ज्याला म्हटले गेले त्याला उत्तर देण्याची संधी कथेत मिळाली काय?

५. चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ती संधी दुसऱ्या पुस्तकाने द्यावी. पेशवाईवरील कादंबरीच्या शेजारी अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) ठेवावी. तीही पराक्रमाचीच कथा आहे. परंतु तीत ज्यांना इतरत्र अर्धे नाव मिळते ते नायक आहेत.

६. शब्द वसतिगृहात गेलाच, तर केवळ शिक्षा करून थांबू नये. ज्याने म्हटले त्याच्याशी आणि ज्याला लागले त्याच्याशी वेगवेगळे बोलावे. ज्याला लागले त्याच्याशी आधी बोलावे.

यांपैकी कोणतीही गोष्ट खर्चिक नाही. परंतु प्रत्येकीला शिक्षकाची पूर्वतयारी लागते, आणि ती नसेल तर असा पाठ त्या दिवशी न घेतलेलाच बरा. अपुऱ्या तयारीने उघडलेले पान हे झाकलेल्या पानापेक्षा अधिक घातक ठरू शकते.

सम्यक वाचेत कठोर वाणीचा त्याग सांगितला आहे, तसाच असत्याचाही सांगितला आहे. जुने साहित्य वाचताना या दोन्हींचा सांभाळ करणे हीच खरी परीक्षा आहे. आपल्या विद्यार्थ्याने शिवी ऐकून खाली मान घालू नये. ती दुसऱ्यावर फेकूही नये. अग्गिक भारद्वाजाला जसा प्रश्न केला गेला तसा त्याने शांतपणे विचारावा : या शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे काय? आणि अर्थ सांगण्याइतका अभ्यास त्याच्यापाशी असावा.

स्वाध्याय

१. आपण वाचलेल्या एका ऐतिहासिक कादंबरीतील दहा पृष्ठे निवडा. कोणत्या पात्रांसाठी आदरार्थी क्रियापद वापरले आहे आणि कोणासाठी एकेरी, याची यादी करा. त्यातून काय दिसते ते लिहा.

२. माणसाच्या जातीवर, व्यंगावर किंवा स्त्रीत्वावर बेतलेली एक म्हण निवडा. तिचा अभिप्रेत अर्थ सांगणारे, पण कोणाचाही अपमान न करणारे नवे वाक्य तयार करा.

३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांच्या लहानपणी गावात कोणाला कोणत्या नावाने हाक मारीत? आज ती हाक बदलली आहे काय? कोणी बदलली?

४. एखाद्या जुन्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीसाठी, तिच्यातील अपमानवाचक शब्दांविषयी वाचकांना सांगणारी सुमारे शंभर शब्दांची टीप लिहा. लेखकाची बदनामी नको आणि सारवासारवही नको.